तिसऱ्या नंबरचा शिरा

आमच्या आईचे देव बरेचदा पाण्यात जाऊन आलेले आहेत. माझ्या बारावीच्या निकालाला गेले, बाबांच्या बायपासला गेले, माझं बाळंतपण अडलं तेव्हा गेले. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा, बाळकृष्ण, गणपती आणि कुलदैवताचे टाक उचलायचे आणि तांब्याच्या पातेल्यात बुडवून ठेवायचे. मागितलेलं मिळालं की बाहेर काढायचे, पुसायचे, हळदकुंकू वाहून गोडाचा नैवेद्य दाखवायचा. तोवर देवांनी तिथेच गारठत बसायचं. लोक हे नुसतं बोलण्यापुरतं बोलतात, आमच्या नौपाड्याच्या घरात ते खरोखर करतात. देव पातेल्याबाहेर आले म्हणजे काम फत्ते, एवढं मला शाळेत असल्यापासून पक्कं ठाऊक होतं.

त्या रविवारी ते पुन्हा पाण्यात होते, आणि निमित्त होतं पोकर.

माझा धाकटा भाऊ पोकर खेळतो. खेळायचा, असं आता म्हणायला हवं. इंजिनियर झाला, वर्षभर नोकरी केली, ती सोडली आणि लॅपटॉपवर पत्ते खेळून पोट भरायला लागला. बरं भरलं. पण घरात रोजची कटकट नको म्हणून दोन मित्रांबरोबर डोंबिवलीला भाड्याने राहायला गेला. लग्नासाठी स्थळ घेऊन कोणी आलं आणि मुलगा काय करतो असं विचारलं, की आई सांगायची, "कॉम्प्युटरवर असतो." समोरचा विचारायचा, "म्हणजे आयटी का?" आई म्हणायची, "चहा घेणार ना?" तेवढ्यावर ते स्थळ संपायचं. जुगारी मुलाची आई हे नाव तिला नको होतं, आणि तो जे करतो त्याला तिच्याकडे दुसरं नाव नव्हतं.

गंमत म्हणजे पत्त्यांचं वेड त्याला आमच्याच माणसांत लागलं. मे महिन्यात आम्ही खडवलीला आजोळी जायचो आणि दुपारी ओटीवर मेंढीकोट रंगायचा. हा तेव्हा एवढासा, पण कोणाकडे कुठलं पान राहिलंय ते याला तोंडपाठ. विचार करताना कानाची पाळी पिळत बसायचा. बाबा कौतुकाने सगळ्यांना सांगायचे, "याला माझ्या बाजूला द्या." तेच बाबा पुढे त्याच्याशी पत्त्यांवरून दोन वर्षं धड बोलले नाहीत.

मग पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदीचा कायदा आला आणि त्याचं काम रात्रीत बंद पडलं. बाबांना आनंदाची उकळी फुटली. नौपाड्यात आमचं दुकान आहे, कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, मिक्सरची भांडी, त्यांची दुरुस्ती. बाबांचे हात आता थरथरतात, स्क्रू धरवत नाही. ते म्हणाले, "झाली ना हौस? आता दुकानात बस." धाकटा म्हणाला, गोव्याला मोठी स्पर्धा आहे, समोरासमोर बसून खेळायची, तिला बंदी नाही, तेवढी खेळू द्या. दोघांची जुंपली. शेवटी देव्हाऱ्यासमोर करार झाला. तो पहिला आला तर बाबा या विषयावर जन्मात तोंड उघडणार नाहीत. पहिला नाही आला तर पत्ते कायमचे बंद, डोंबिवलीची खोली सोडायची आणि दुकानात बसायचं. दुसरा, तिसरा काही चालणार नाही. एवढ्या मोठ्या गर्दीत पहिला नंबर मागणं म्हणजे नाही म्हणण्याची सभ्य पद्धत, हे बाबांना कळत होतं. धाकट्याला तर आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी त्याने शब्द दिला. त्याला स्वतःवर एवढा विश्वास होता, आणि मला त्याचा तेव्हाही राग आला होता.

आणि हा पठ्ठ्या निघाला की शेवटच्या नऊ जणांत! शेकड्यांनी आलेले गळत गळत नऊ उरले आणि त्यांत आमचा. रविवारी दुपारपासून शेवटचं टेबल सुरू होणार होतं आणि ते यूट्यूबवर दाखवणार होते. मी कल्याणहून सकाळीच माहेरी आले, कारण मोबाईलवरचं टीव्हीवर कसं आणायचं ते बाबांना जमत नाही आणि जमत नाही हे कबूल करणं त्याहून जमत नाही.

येऊन बघते तर देव्हारा रिकामा. ओट्याच्या कोपऱ्यात तांब्याचं पातेलं, त्यावर जाळीचं झाकण. आईने त्याच्यासाठी देव पाण्यात ठेवले! ज्या खेळाचं नावसुद्धा ती घेत नाही, त्यासाठी! मी तिला काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? बाहेर गॅलरीत जाऊन धाकट्याला फोन लावला.

"अरे, आईने देव पाण्यात ठेवलेत."

"खरंच? माझ्यासाठी?"

"नाहीतर काय, माझ्यासाठी? मी काय जिंकायची राहिलीय?"

"ताई, आता मी नाय हरत," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. एकतीस वर्षांचा घोडा.

आम्ही टीव्हीसमोर बसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हे चित्र अर्धा तास उशिराचं असतं. प्रेक्षकांना प्रत्येकाचे पत्ते दाखवतात, मग बाहेरून कोणी खेळणाऱ्याला दुसऱ्याचे पत्ते कळवू नयेत म्हणून मुद्दाम मागचं दाखवतात. खेळणाऱ्यांना टेबलावर फोनला हात लावायची परवानगी नसते. म्हणजे आपण जे जीव मुठीत धरून बघतो, ते तिकडे कधीच होऊन गेलेलं असतं. मी हे बाबांना समजावलं. ते म्हणाले, "मग आपण बघतोय कशाला?" पण खुर्ची पुढे ओढली.

सुरुवातीला ते कपाळावर आठ्या घालून बसले होते. नवातला एक गेला, मग आणखी एक. धाकटा शांत. टोपी नाही, गॉगल नाही, नुसता कानाची पाळी पिळत बसलेला. बाबा पुटपुटले, "अजून सवय गेली नाही." चहा झाला. मी नियम सांगत होते, ते ऐकत नसल्यासारखं करून सगळं ऐकत होते. पाचजण उरले तोवर तेच मला सांगायला लागले, "तो दाढीवाला खोटं बोलतोय बघ. त्याच्याकडे काही नाही." पत्ते पडद्यावर दिसतच होते, पण ऐट अशी की यांनीच ओळखलं! धाकट्याने ते न बघता ओळखून त्याच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, ओढून घेतल्या तेव्हा बाबांनी मांडीवर थाप मारली, आणि मग मी बघतेय हे लक्षात येऊन गुडघा चोळल्यासारखं केलं.

आई एकदाही बाहेर आली नाही. मला वाटलं, तिला बघवत नसेल.

तिघे उरले. दाढीवाला, एक चष्मेवाला आणि आमचा. आमच्या चिप्सचा ढीग मधला, ना मोठा ना लहान. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. आई रवा भाजत होती. साजूक तुपाचा वास सुटला होता. मी देव्हाऱ्याकडे बघितलं आणि हातातलं भांडं तसंच राहिलं. देव जाग्यावर होते. पुसलेले, लखलखीत, प्रत्येकाला ताजं कुंकू. पातेलं धुऊन उपडं घातलेलं.

"त्याचा फोन आला?" मी विचारलं.

"आला. उद्या घरी येतो म्हणाला," आई म्हणाली. कढईतून नजर वर न करता.

मी किंचाळलेच. तिला मागून मिठी मारली, ती म्हणाली, "अगं, भाजेल," आणि मी बाहेर पळाले. "बाबा, जिंकला! तिकडे संपलंय सगळं, आईला फोन आला, तिने देव काढलेसुद्धा!"

बाबा उठून उभे राहिले. मग बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेजारच्या दुकानदाराला फोन केला. "टीव्ही लाव रे. आमचं पोरगं आहे त्यात. हो, पहिला. अजून दाखवायचंय, पण पहिला." फोन ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुकान भाड्याने देऊन टाकू. माझंही आता होत नाही. कशाला उगाच त्याच्या गळ्यात?" मी बाबांना इतकं हलकं झालेलं कधी बघितलं नव्हतं. आई शिऱ्याच्या बशा घेऊन बाहेर आली, आमच्या हातात दिल्या आणि आत गेली. आम्ही शिरा खात खात पुढचा खेळ बघितला. आता भीती कसली? तो एखादा डाव हरला तरी आम्ही हसत होतो. बाबा म्हणाले, "मुद्दाम सोडतोय बघ, लबाड."

मग त्याला दोन राजे आले. त्याने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. दाढीवाल्याने एक्का आणि राणीवर तेवढ्याच चिप्स लावल्या. पडद्यावर आकडा दिसत होता, शंभरात सत्तर वेळा आमचा जिंकणार. "झालं," बाबा म्हणाले, "इथेच मारतो त्याला." मधली, दोघांच्याही कामाची पाच पानं उघडायला लागली. पहिली तीन, काही नाही. चौथं, काही नाही. पाचवं उघडलं. चौकटचा एक्का. दाढीवाल्याचे दोन एक्के झाले.

मला वाटलं माझी बघण्यात चूक होतेय. बाबा म्हणाले, "थांब, पुढे असेल काहीतरी." पुढे काही नव्हतं. धाकटा उठला, दोघांशी हात मिळवले, खुर्चीवरचं जर्किन घेतलं. निवेदक म्हणाला, तिसऱ्या स्थानावर बाद. कॅमेरा त्याला सोडून उरलेल्या दोघांवर गेला. बाबांच्या हातात शिऱ्याचा चमचा होता.

मी आत गेले. आई ओटा पुसत होती.

"आई, तो हरलाय."

"माहितीय. फोनवर सांगितलं ना त्याने."

"मग देव कशाला काढलेस?"

तिने फडकं पिळलं, दोरीवर टाकलं. "मागितलं ते मिळालं, म्हणून काढले. मी कधी म्हटलं जिंकावा म्हणून? जिंकला असता तर परत आला असता का तो या घरात?" मग म्हणाली, "तू एवढी नाचत बाहेर गेलीस, मी काय बोलणार होते तुला."

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती मला म्हणाली की तुला मुलगा झाला की कळेल. मला मुलगी आहे.

मी बाहेर येऊन बाबांना म्हटलं, जाऊ दे ना, तुम्हीच आत्ता म्हणालात दुकान भाड्याने देऊ. तिसरा आलाय तो, एवढ्या लोकांत. बाबांचा चेहरा पुन्हा दुपारसारखा झाला होता. शेजाऱ्याला काय तोंड दाखवू, हेच बहुतेक त्यांच्या डोक्यात असावं. म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द." अर्ध्या तासापूर्वी हेच बाबा त्याला सोडायला तयार होते. जिंकलेल्या मुलाला सोडता येतं, हरलेल्याला नाही, असा काहीतरी त्यांचा हिशोब.

धाकटा दुसऱ्या दिवशी आला. देवाला आणि आईला वाकून नमस्कार केला. बक्षिसातला मोठा वाटा, ठरल्याप्रमाणे, ज्यांनी त्याची स्पर्धेची फी भरली होती त्यांना गेला, उरलेल्यात त्याने बाबांच्या नावाने दुकानाला नवं शटर बसवलं. डोंबिवलीची खोली सोडली. आता तो रोज गल्ल्यावर असतो. कोणी पाहुणे आले आणि त्या स्पर्धेचा विषय निघाला, की आईसमोरच हसून सांगतो, "आईने देव पाण्यात ठेवलेले ना, म्हणून तिसरा तरी आलो." आई तेवढ्यात चहा टाकायला उठते. मला ते ऐकवत नसे. केवढा भोळा हा, असं वाटून आतल्या आत जळायचे, आणि सांगायचं धाडस मात्र मला कधी झालं नाही.

परवा त्याच्यासाठी बदलापूरचं एक स्थळ आलं, मुलगी बँकेत आहे. आईने लगेच देव पाण्यात घातले. मी दुकानात त्याला ते सांगायला गेले. तो मिक्सरच्या भांड्याचं पातं फिरवून बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "या वेळी नक्की काय मागितलंय, तेवढं विचारून घे."

"म्हणजे तुला माहितीय?" मी विचारलं.

"तेव्हा बाहेर आल्या आल्या पहिला फोन तिलाच केला होता. म्हटलं, आई, हरलो. तर पटकन म्हणाली, पावला गं बाई देव. मग जेवलास का वगैरे."

"आणि तरी आलास?"

"शब्द दिलेला ना."

काउंटरवर एक बाई येऊन उभ्या राहिल्या, पाच लिटरच्या कुकरची रिंग आहे का म्हणून. तो कानाची पाळी पिळत क्षणभर वरच्या फळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आहे ना काकू. झाकण आणलंय का?"