मशीन बंद न करता घेतलेली चाचणी

नाही रे गावच्या मंडळातल्या दोस्तांनो, मी इथं कॉम्प्युटरच्या गार खोलीत नुसत्या झोपा काढत नाही, कितीदा लिहू? पण आज तुमचंच खरं झालं.

दोन प्रोग्रामांत वेगवान कुठला, ते मोजायचं होतं. डिस्कवरून एकदा वाचलेली माहिती मशीन आठवणीत ठेवतं आणि दुसऱ्या प्रोग्रामला ती आयती मिळते, म्हणून मधे ते बंद करून परत चालू करायचं असतं. मी कंटाळा केला. दुसऱ्या प्रोग्रामला डिस्कचा दिवा लुकलुकलाच नाही, तरी गप्प बसलो.

पहिला प्रोग्राम सावंत मॅडमचा, तो हळू ठरला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, ही तर बैलगाडी!" मॅडमचा चेहरा पडला, तेव्हा कुठं मी मशीन बंद न केल्याचं बोललो.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "अरे, आधी का नाही सांगितलंस?"

तुम्ही लगेच सांगितलं असतं का रे? साहेबांनी पगार कापलाय. मंडळाला यंदा वर्गणी चाळीसच रुपये पाठवतोय.