गुणवंताच्या जीपची नवी टाकी

बातमी आली तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो. अर्ध्या गालावरची दाढी उतरली होती, अर्ध्या गालावर फेस होता. फोन गुणवंताच्या बायकोचा, इंदूवहिनींचा. "भाऊजी, तुमचे दोस्त गेले जी. चहा मांगतला, मी आनाले गेली, अन् आली तं..." मी तसाच उठलो आणि गळ्यात टॉवेल, अर्धी दाढी अशा अवतारात अमरावतीच्या भर बाजारातून चालत गुणवंताच्या घरी पोचलो. तिथं कुणाच्या लक्षातही आलं नाही. आलं असतं ते एकट्या गुणवंताच्या. तो तिरडीवर उठून बसला असता आणि म्हणाला असता, "काहून वकील, उरलेल्या दाढीले पुढची तारीख भेटली का?" शाळेच्या बाकापासून त्यानं मला असंच बोलून बोलून वाढवलं. त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही, तेव्हा मला कळलं की हा खरंच गेला...

गुणवंता म्हणजे चांदूर बाजारकडचा संत्र्याच्या बागेचा मालक. मुलांच्या शिक्षणासाठी अमरावतीला घर केलं, पण जीव बागेत आणि बागेपेक्षा जीपमध्ये. मी उभा जन्म वकिलीत काढला आहे, तेव्हा पुढं सांगतो त्यात चार गोष्टी वाढवून आल्या तर वाचकांनी सवयीनं सोडून द्याव्यात. पण त्या टाकीतून जे निघालं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यात तीळभर भर नाही.

जीप त्याच्या वडिलांची. धारणीच्या जंगलात लाकडं वाहणाऱ्या एका ठेकेदारानं कंटाळून काढली, ती यांनी हौसेनं घेतली. छत कापडी, दारं नाहीतच, आणि हॉर्न सोडून सगळं वाजायचं. त्या जुन्या जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असे. म्हणजे चालवणारा आयुष्यभर पेट्रोलवर बसलेला. आणि ही टाकी गंजलेली. आधी घाम आल्यासारखी पाझरायची, मग थेंब, मग धार. गुणवंता सांगायचा, की एकदा मेळघाटात जीप उभी करून तो झऱ्यावर पाणी प्यायला गेला आणि परत येऊन पाहतो तो शेजारच्या सीटवर अस्वल. अस्वलानं एकदा वास घेतला, दोनदा शिंकलं, आणि ओशाळल्यासारखं उतरून निघून गेलं. मी म्हटलं, "गुण्या, अस्वल खरं का?" तर म्हणाला, "अस्वलाचं जाऊ दे, वास खरा हाये ना?"

वास खरा होता. त्याची साक्ष इंदूवहिनी देतील. गुणवंताच्या थोरल्या बहिणीच्या, अकोल्याच्या मंदाताईंच्या मुलीचं लग्न होतं. वहिनी नवा शालू नेसून ऐटीत जीपमधून निघाल्या. मूर्तिजापूर येईपर्यंत टाकीनं शेजारच्या सीटकडं वाहून शालूचे काठ भिजवले आणि अकोला येईपर्यंत वहिनींना. मांडवात त्या शिरल्या तशी बायकांची रांग दुभंगली. होमाजवळ बसलेले गुरुजी मंत्र म्हणता म्हणता मागं सरकले. एका काकांनी बिडी काढली, तर चौघांनी त्यांना उचलून पार रस्त्यापलीकडं नेऊन ठेवलं. वहिनी जेवल्या नाहीत, रडल्याही नाहीत. परतीला त्या एसटीत बसल्या आणि खिडकीतून नवऱ्याला म्हणाल्या, "अजी, ते टाकी जोवर बदलत नाही, तोवर मी तुमच्या गाडीत पाय ठेवत नाही."

दुसरा कुणी असता तर सोमवारी टाकी बदलून मोकळा झाला असता. पण हा गुणवंता. त्याचं म्हणणं, टाकीला काहीही झालेलं नाही, बाईचं नाक तिखट आहे. मग सुरू झाला साबणाचा खेळ. पेट्रोलच्या भोकावर कपड्याचा साबण ओला न करता घासला की गळती थांबते, हे आमच्याकडं जीप-ट्रॅक्टरवाल्या प्रत्येकाला ठाऊक. गुणवंतानं त्या टाकीला एवढा साबण चोपडला, की शेवटी पत्रा राहिला नाव सांगण्यापुरता आणि टाकी साबणाचीच झाली. पावसात जीप काढली की मागं फेसाची रेघ उमटे. वेल्डिंगवाले त्याला लांबून येताना पाहून शटर ओढायचे, कारण पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग कोण करतो? अशी वर्षं गेली. वहिनी बागेत एसटीनं जायच्या, तो जीपनं. दोघं एकाच वेळी निघायचे, एकाच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, भेटायचे, आणि तिथं बसून एकाच डब्यातलं जेवायचे. भांडण म्हणावं तर भांडण नाही. फक्त त्याच्या शेजारची सीट रिकामी.

गेल्या वर्षी त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की औषधांनी दिवस निघतील, पण फार लांबचे बेत करू नका. मी काही न झाल्यासारखं तोंड करून आत गेलो. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तोंड सरळ कर, मले माहीत हाये सारं." मग उठून बसला आणि म्हणाला, "वकील, एकच काम रायलं. इंदू एकडाव बाजूले बसली पायजे. लगन झालं तवा इले कौंडण्यपुराहून याच जीपमधून आनली होती. तिथंच एक चक्कर मारू. मंग काहीही होवो."

"मग टाकी बदलावी लागेल," मी म्हटलं.

"बदलतो ना बापा. हरलो मी. पण तिले सांगजो नको, हरलो म्हनून."

आता अशी टाकी मिळते कुठं? अमरावतीतलं सगळं भंगार आम्ही पालथं घातलं. शेवटी अकोल्याच्या एका पत्राकाम करणाऱ्यानं जुन्या मापावरून नवी करून द्यायचं कबूल केलं. आम्ही आमची साबणाची टाकी नमुना म्हणून नेली. तिला हातात घेऊन त्या माणसानं विचारलं, "भाऊ, हे धुवाची का वापराची?"

नवी टाकी झाली तेव्हा ती घेऊन आम्ही जेवायला मंदाताईंकडं गेलो. मंदाताईंनी भावाचा उतरलेला चेहरा पाहिला. आम्हाला पाटावर बसवून भाकरीवर भाकरी वाढत राहिल्या. मधूनच उठून बाहेर ओसरीवर गेल्या, जरा वेळानं हात पुसत आल्या. निघताना पाहतो तो टाकीला हळदीकुंकू लावलेलं. मी म्हटलं, "ताई, ही पेट्रोलची टाकी आहे, नवरी नाही."

"माहीत हाये मले, वकीलबुवा. माह्या बापाच्या जीपची हाये ना? माहेरी चालली. बिनाकुकवाची जाऊ देऊ का?"

परतीला एसटीत टाकी गुणवंताच्या मांडीवर. कंडक्टरनं बोट दाखवून विचारलं, "याच्यात काय हाये?" गुणवंता म्हणाला, "काईच नाई," आणि तेवढ्यात बसनं गचका खाल्ला आणि टाकी आतून खुळखुळली. कंडक्टर दोन पावलं मागं सरला. गुणवंता म्हणाला, "पत्र्याचा कचरा असन." आम्ही तेच खरं मानलं. एक वकील आणि एक बागाईतदार, आणि दोघांपैकी एकालाही टाकी उलटी करून पाहायचं सुचलं नाही.

टाकी बसवायला चार दिवस लागले असतील, मी चाळीस सांगत असतो. गुणवंताला वाकायची मनाई, म्हणून तो खाटेवर पडून हुकूम सोडायचा आणि मी सीटखाली डोकं घालून पाने फिरवायचो. गंजलेले बोल्ट रॉकेलात भिजवा, नळी बदला, खाली रबराची पट्टी टाका. वहिनी दारातून बघायच्या आणि आत जायच्या. शेवटच्या दिवशी त्यांनी येऊन टाकीवरून हात फिरवला आणि हाताचा वास घेतला. कोर्टातला निकाल ऐकताना मी एवढा कधी घाबरलो नव्हतो. "कधी निघाचं?" एवढंच त्या म्हणाल्या. गुणवंतानं तोंड भिंतीकडं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चालकाच्या जागी, शेजारी इंदूवहिनी, मागं मी. डॉक्टरांची परवानगी विचारू नका. गाडी अशी निघाली, की वाटेतले बैल वळून बघत होते. कुऱ्हा गाव मागं पडलं आणि जीपनं आचका दिला. दुसरा दिला. आणि बंद. जरा थांबून सुरू केली, थोडी चालली, पुन्हा बंद. असं तीनचारदा. गुणवंताचा चेहरा राखेसारखा झाला. ते दुखण्यानं नव्हतं. शेजारी बसलेली बाई आता उतरून रस्त्यानं येणारी पहिली एसटी धरेल, आणि पुन्हा कधी बसणार नाही, ही भीती मला मागून त्याच्या मानेवर दिसत होती.

"खाली पेच हाये, टाकी रिकामी कर," तो मला म्हणाला. मी डब्बा लावला आणि पेच काढला. पेट्रोल आलं, आणि त्याच्याबरोबर आले गहू. चांगले ओंजळभर गहू. मागून एक हळकुंड अडकलं, ते मी तारेनं ओढलं, आणि शेवटी टणकन सुपारी पडली.

आम्ही दोघं त्या डब्याकडं पाहत राहिलो. वहिनी खाली उतरल्या, वाकल्या, आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसून हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अजी, हे ओटी हाये. मंदाताईनं टाकीची ओटी भरली. माहेरी जानारीले रिकामं कशी धाडन ते?"

"इंजिनात गहू घातले तिनं," गुणवंता कळवळून म्हणाला.

"मंग? तुमी एवढी वर्सं साबन घातला, तवा नाई काही बोलले."

मग वहिनींनी जे केलं ते मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. त्यांनी आपला पदर सोडवून डब्याच्या तोंडावर दुहेरी धरला आणि म्हणाल्या, "वता, भाऊजी." जिच्या शालूला पेट्रोल लागलं म्हणून एवढी वर्षं सीट रिकामी राहिली, तिनं लुगड्याच्या पदरातून ते सगळं पेट्रोल गाळून दिलं. हातानं गहू वेचले, सुपारी कनवटीला लावली. मी म्हटलं, "वहिनी, आता एसटी बघू का?" त्या सीटवर चढून बसल्या. "ओटी भरून आलेल्या गाडीतून उतरते का कोनी? चालवा जी तुमी."

कौंडण्यपूरला घाटावर आम्ही वर्धा नदीकडं पाहत बसलो. परतीला गुणवंता थकला होता. त्यानं जीप मोकळ्या रस्त्यावर थांबवली, उतरला, आणि फिरून वहिनींच्या बाजूला येऊन म्हणाला, "सरक तिकडं. चालव."

"मी?"

"मंग का वकील? त्याले तं सायकल येत नाही."

हे खोटं आहे. मला सायकल येते. पण त्या दिवशी वहिनींनी पहिला गिअर टाकला. त्यानंतर त्याला मिळालेले महिने त्यानं त्यांना शिकवण्यात घालवले. सकाळी ऊन वर यायच्या आत दोघं चांदूर बाजारच्या रस्त्यावर. तो शेजारी बसून शिव्या देतो आहे, वहिनी त्याच्यापेक्षा मोठ्यानं उत्तर देत आहेत, असा तो वर्ग रस्त्याकडेची शेतं ऐकत असत. परवाना मिळाला त्या दिवशी त्यानं गल्लीत पेढे वाटले. आपल्या लग्नातसुद्धा त्यानं एवढ्या ऐटीनं वाटले नसतील. "बुढीनं माह्यापेक्षा लवकर पास केली," असं तो ज्याला त्याला सांगायचा. डॉक्टरांना ते महिने औषधाचे वाटतात. वाटू देत.

तेरवी झाल्यावर मुलगा म्हणाला, "आई, जीप आता काढून टाकू. कोण चालवणार?" वहिनींनी किल्ली घेतली आणि त्या जीपनं बागेत गेल्या. फवारणीचा दिवस होता.

परवा सकाळी माझ्या दारात जीप येऊन थांबली. मी बाहेर आलो तर वहिनी चाकावरून जेमतेम दिसत होत्या, डोळे आणि कपाळ एवढंच. इतकी वर्षं गुणवंताच्या वजनानं त्या सीटला खोल खड्डा पडला आहे, त्यात त्या पार बुडाल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, उशी आणतो आतून. खड्डा भरून निघेल, रस्ता तरी नीट दिसेल."

"राहू द्या तसाच," त्या म्हणाल्या. "मले दिसते बरोबर. तुमी बसा, बागेत बहर धरला, पाह्यले चला."

मी शेजारच्या सीटवर चढलो. वहिनी त्या खड्ड्यात जरा हलल्या, पाठ टेकून नीट बसल्या, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.