पहिला आकडा उंचीचा

सुधाकरराव महाजन सरांशी माझी पहिली ओळख झटापटीतून झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, सुरतेच्या जुन्या बाजारात, लिलावाच्या एका जुन्या कॅटलॉगवर आम्हां दोघांचे हात एकाच वेळी पडले. कुणीच सोडेना. "अरे साहेब, चोपडी फाटी जशे!" दुकानदार ओरडला. तेव्हा सर हसून म्हणाले, "चित्रांची पानं तुम्हीच ठेवा. मला फक्त शेवटची वाचू द्या."

मी इतिहासाची प्राध्यापिका. पण शेवटच्या पानांत आरसे-झुंबरांखेरीज काय असतं, ते मला ठाऊक नव्हतं. "ज्यांच्या चित्रकाराचं नाव कुणी टिपलं नाही, ती चित्रं झुंबरांच्या रांगेत बसतात," सर म्हणाले. "ती पुढे कुठे जातात, हे बघायला नको?" त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे लागले, ती आज त्यांच्या साठीपर्यंत.

सर सुरतेतल्याच लिंबायतच्या मराठी शाळेत चित्रकला शिकवत. चित्रबाजाराचा इतिहास ते स्वतःच शिकले. एका लिलावातलं 'अज्ञात' चित्र पुढच्या लिलावात थेट नामवंताचं कसं होतं, हे ते मिटक्या मारत सांगतात.

कोसाडच्या सुशीलाबाई त्यांच्याकडे आल्या, ते मात्र बाजारासाठी नव्हे. सुशीलाबाईंचे वडील शेठलोकांकडे चित्रं काढत. आई त्यांच्या लहानपणीच गेलेली. तिचा एकही फोटो नाही. वडिलांनी काढलेलं तिचं एकमेव चित्र एका शेठच्या सामानाबरोबर लिलावात गेलं होतं. "सर, मरायच्या आत मायचं तोंड एकदा पाहू द्या," त्या म्हणाल्या. त्यांना एवढंच आठवत होतं, की माय डावखुरी होती.

त्या शेठच्या लिलावाच्या शेवटच्या पानांत सरांना बाईच्या चित्राची एकच नोंद सापडली : 'सूत गुंडाळणारी स्त्री', पुढे माप, लहान आकडा आधी. मग आम्ही उभं चित्र शोधत गावभर हिंडलो. काही केल्या सापडेना.

एकदा दुसरा कॅटलॉग चाळताना मी सहज विचारलं, "सर, फोटोतलं हे चित्र आडवं आहे, मग पहिला आकडा लहान कसा?" सर कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, मी मागावाल्याचा पोरगा! पहिला आकडा दिसला की कापडाचा पन्हाच, म्हणजे रुंदीच धरतो. इथे आधी उंची लिहितात!"

आडवं चित्र कतारगामच्या एका हिरेवाल्याच्या कचेरीत होतं. त्याच्याखाली बसून आम्ही दोनदा चहा प्यायलो होतो! चौकटीमागे लिलावाच्या क्रमांकाची चिठ्ठी तशीच होती.

सुशीलाबाईंना घेऊन गेलो. चित्रातल्या बाईच्या डाव्या हातात सूत होतं. "हाई मनी माय शे," त्या पुटपुटल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "केवढीशी होती हो! माझ्या सुनेपेक्षा लहान." मला रडू आवरलं नाही. सरांनी खिशातलं त्या नोंदीचं टिपण काढून विचारलं, "आईचं नाव काय?" आणि 'स्त्री' खोडून तिथे अनसूया लिहिलं.

सर, शेवटच्या पानांत अशा पुष्कळ स्त्रिया अजून नावावाचून बसल्या आहेत. तेव्हा चहातली साखर कमी करा, गुडघे सांभाळा आणि शंभरी गाठा. त्यांना तुमच्याशिवाय कोण विचारणार?