खर्चा बंद करणाऱ्या मावशी

"आता खर्चा बंद, साहेब. बिलकुल बंद," असं मावशी म्हणायच्या आणि त्याच दमात आमच्या कचेरीतल्या चौघांसाठी चहा सांगायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

जालना जिल्ह्यातल्या एका तहसिलीत मी निराधारांच्या पगाराचं टेबल सांभाळत होतो. विधवांना, म्हाताऱ्यांना सरकारकडून दरमहा जे पैसे मिळतात, त्याला आमच्याकडे पगारच म्हणतात. नवरा वारल्यापासून मावशींना तो मिळत होता. पुढं मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात लागला, तेव्हा त्या आपणहून अर्ज घेऊन आल्या. पोरगं कमवून राह्यलं, आता माझा पगार बंद करा, म्हणाल्या. असा अर्ज मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांच्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का करून दिला.

पगार मात्र चालूच राहिला. मावशींना वाटलं, आपण तर सांगून आलो. तरी देतात म्हणजे आपलाच असणार. आणि पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. गल्लीत लग्न निघालं की भारी साडीचा आहेर, कुणाची लेक बाळंतपणाला आली की डिंक आणि खारीक-खोबरं. दुकानदार सांगेल तो भाव द्यायच्या. "त्याला बी लेकरं हायेत," म्हणायच्या.

दोन वर्षांनी तपासणी झाली आणि जास्तीचे सगळे पैसे परत भरा, अशी नोटीस त्यांना गेली. बाईनं सरकारला फसवलं, अशी गल्लीत कुजबुज झाली. मावशींना पैशापेक्षा ते लागलं. मुलगा एकदम भरायला तयार होता. "म्या खर्चले, म्याच भरीन," म्हणाल्या. हप्ते बांधून घेतले आणि लोकांचे पापड लाटायला लागल्या.

काटकसरीची त्यांची तऱ्हा न्यारी होती. टीव्हीचं रिचार्ज बंद केलं आणि मालिका बघायला शेजारी जाऊ लागल्या. पण रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून रोज शेंगदाणे घेऊन. मुलानं हिशोब काढला, तर शेंगदाणे रिचार्जपेक्षा महाग पडले होते. आहेर मात्र खरंच सुटला. लग्नघरी पहाटेच जाऊन पोळ्या लाटायला बसायच्या. "औंदा साडी न्हाई, हात आणलेत," म्हणायच्या. हळूहळू लोक त्या हातांचीच वाट पाहू लागले. कुजबुजही विरली.

दर महिन्याला बँकेत हप्ता भरून त्या मला पावती दाखवायला यायच्या आणि माझी मान खाली जायची. त्यांचा अर्ज माझ्याच कपाटात, एका गठ्ठ्याखाली पडून राहिला होता. नोटीस निघाल्यावर तो सापडला, तरी मी गप्प बसलो होतो.

शेवटची पावती घेऊन आल्या, त्या दिवशी मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पिशवीतून पोच काढून समोर ठेवली. "नोटीस आली तवाच मला कळल्तं, साहेब. सही तुमचीच हाये."

"मग वर का नाही सांगितलं?"

"पैसे तर म्याच खर्चले व्हते. तुमची नोकरी गेली असती, मंग तुमच्या घरचा खर्चा कुणी भागवला असता?"

दुसऱ्या दिवशी ती पोच घेऊन मी तहसीलदारांकडे गेलो. माझी एक वेतनवाढ थांबली. ते सांगायला मावशींच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. मुलाकडे जालन्याला कायमच्या राहायला गेल्या, असं शेजारीण म्हणाली. जाण्याआधी त्यांनी अख्ख्या गल्लीला जेवू घातलं होतं.