अप्पांच्या घरची कॉफी

अप्पा रोज सकाळी चौघांपुरती कॉफी करत आणि एकटेच पीत. उरलेली गार झाली की मुकाट्याने मोरीत ओतत. पुढचं दार मात्र सकाळभर सताड उघडं. अंबाजोगाईच्या आमच्या गल्लीत कॉफी कोणी पाहिलेली नव्हती, म्हणून लोक त्यांना 'काढेवाले अप्पा' म्हणत. तेही पाठीमागे. तोंडावर बोलायला कोणी जातच नव्हतं.

कारण साधं होतं आणि नीच होतं. तरुणपणी म्हैसूरकडे मास्तरकी करताना अप्पांनी एका विधवेशी लग्न केलं. तिला घेऊन ते गावी परतले आणि ब्रह्मवृंदाने त्यांचं पाणी बंद केलं. त्यांच्याकडे कोणी घोटभर प्यायचं नाही, त्यांना पंक्तीला बोलवायचं नाही. बाई वारली तरी बंदी उठेना. सुटायची वाट एकच, प्रायश्चित्त घेऊन पंचगव्य प्यायचं. "म्हणजे ती माझा विटाळ होती असं मी कबूल करायचं," अप्पा म्हणत. "ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मी त्यांच्याकडे गेलो तो पत्रक द्यायला. निजामशाहीविरुद्धची पत्रकं मी तेव्हा घरोघर चोरून वाटत असे. अप्पांनी कागदाला हातही लावला नाही. "ते मागाहून. इथं बसून काही घेण्याची छाती आहे का?" मी बसलो. पुढं आईनं कितीतरी दिवस माझं ताट ओसरीवर मांडलं. मांडेना का!

कॉफी करायची रीत अप्पांच्या बाईंची होती. बिया लोखंडी तव्यावर भाजायच्या, खलबत्त्यात कुटायच्या, पितळी गडव्याच्या तोंडावर मलमलीचं फडकं बांधून त्यात पूड घालायची. मग झारीतून उकळतं पाणी. आधी पूड भिजेल इतकंच. ती फुगेपर्यंत अप्पा थांबत, मग सुतासारखी धार धरत. मला दम निघेना.

"ओता की एकदम!"

"एकदम ओतलं की पाणी तेवढं खाली उतरतं, कॉफी वरच राहते. तुमच्या सभांसारखं."

निजामाच्या हद्दीपलीकडून पत्रकं आणताना मी त्यांच्यासाठी नगरहून कॉफीच्या बियाही आणू लागलो. आष्टीकडच्या नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं एकदा पुडी उघडली. "ये क्या है बे?" म्हटलं, औषध. त्यानं एक बी चावली, थुंकली. "किस मर्ज की दवा?" हे ऐकून अप्पा खदखदून हसले. मग फडकं धूत धूत म्हणाले, "या गावात तो मर्ज मला एकट्यालाच जडलाय."

समोरच्या घरात आमचे पुढारी राहत, वकीलसाहेब. अप्पांचे बाळपणचे सवंगडी. सभेत 'आपण सारे एक' म्हणून गर्जत, आणि अप्पांच्या दारावरून जाताना मान खाली घालत. मी एकदा चिडून त्यांना विचारलं, तर म्हणाले, "आधी निजाम जाऊ दे रे, मग हे बघू." अप्पांना सांगितलं, तर तेच मला समजवायला लागले, "त्याला बोलू नकोस. तो निजामाला भीत नाही, माझ्या पेल्याला भितो."

त्या पावसाळ्यात माझ्यावर वॉरंट निघालं आणि मी हद्दीपार गेलो. तिकडेच अप्पांच्या घरामागच्या आळीतला ज्ञानबा धनगर मेंढरं घेऊन आला होता, तो भेटला.

"अप्पा गेले, दादा. लई ताप हुता. भटजी दाराशी आलते. म्हनले, दोन थेंब घ्या पंचगव्याचे, म्हंजी आमी खांदा द्यायला मोकळे. अप्पांनी त्वांड फिरवलं."

"मग नेलं कोणी?"

"आमी नेलं, धनगरांनी. आमचं कोन काय बाटवतंय?"

"गल्लीतून कोणीच आलं नाही?"

"दारं लावून घेतलती समद्यांनी. वकिलांचं दार बोटभर उघडं हुतं. आत हात जोडलेले दिसले. रडत हुता मानूस. पर भाईर न्हाई आला."

बंद दारांचं मला काही वाटत नाही. त्या जोडलेल्या हातांचा राग मात्र अजून जात नाही.