गच्चीची किल्ली आणि फ्रान्सचा राजा

मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. उन्हाळा तोंडावर आला की माझी गाडी युरोपातल्या अनियंत्रित राजेशाहीपाशी पोचते. फ्रान्सच्या राजाला सकाळी सदरा कोण चढवणार, रात्री मेणबत्ती कोण धरणार, यावरून सरदारांत कशी चुरस लागायची, हे सांगितलं की वर्ग खो-खो हसतो. यंदा पेठ तालुक्याकडची एक मुलगी मात्र हसली नाही.

"मॅडम, एवढी तालेवार माणसं, आपल्या गढ्या सोडून मेणबत्ती धरायला गेलीच का?"

"भांडून दमली होती गं," मी म्हटलं. "यादवीत घरंदारं जळाली. शांतता फक्त राजा देत होता. मग घे बाबा, सगळं तुझ्याच हातात. वर मान मिळत होता तो वेगळाच. पुढे राजानं प्रतिनिधींची सभा बोलवायचीच बंद केली, तरी फारसं कुणी विचारलं नाही."

मोठी ऐट करून मी घरी आले, तर तळमजल्यावरच्या वहिनी जिन्यात डोक्याला हात लावून बसलेल्या.

वहिनी निफाडकडच्या. नवरा गेल्यावर त्यांनी कुरडया-पापडांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आणि त्यावर मुलीचं नर्सिंग रेटत आणलं. त्यांची वर्षाची कमाई उन्हाळ्याच्या उन्हात. ऊन फक्त गच्चीवर. घरात गहू भिजत पडलेले, आणि गच्चीला कुलूप!

"साहेबांनी बंद केली, मॅडम. वर गळतीचा रंग मारलाय, पाय पडले तर खराब व्हईल म्हणत्यात."

"कुणाला विचारून?"

"आपल्यालाच. मागच्या मीटिंगला ठराव झाला." त्यांचा आवाज बारीक झाला. "अनुमोदक म्हणून माझंच नाव हाय."

मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला म्हणून सांगू! साहेब म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. पूर्वी पाण्यावरून, पार्किंगवरून आमच्याकडे एकमेकांची तोंडं न बघण्याइतकी भांडणं होती. साहेब रिटायर झाले, त्यांनी कारभार हातात घेतला, नळाला पाणी आलं, भांडणं मिटली. खोटं कशाला बोलू, माणूस कामाचा. तेव्हापासून आमची निवडणूक बिनविरोध. पाहुण्यांना आम्ही हे कौतुकानं सांगतो. गणपतीच्या पहिल्या आरतीचा मान माझ्या नवऱ्याला, पार्किंगमध्ये गाड्या लावून घ्यायची शिट्टी तिसऱ्या मजल्यावरच्यांना, आणि अनुमोदक पाळीपाळीनं प्रत्येक घरचा. साहेब ठराव वाचतात, तोवर कचोरीचा वास सुटलेला असतो. हात वर, सर्वानुमते मंजूर.

"अहो, पण काय वाचताहेत ते ऐकायचं तरी!"

"तुम्ही ऐकलं व्हतं?"

हात माझाही वर होता.

मग मात्र मी घराघरांत जाऊन मीटिंगची मागणी केली. नवरा म्हणाला, "चाललंय ना सुरळीत? कशाला वाकड्यात शिरायचं?"

"आरतीचं ताट जाईल हातातून, म्हणून ना?" त्याला ते चांगलंच झोंबलं.

रविवारी सकाळी सगळे जमले. मी भाषण घोकून आले होते. साहेब शांतपणे म्हणाले, "ठराव सर्वानुमते झालेला आहे." मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीच उभ्या राहिल्या.

"साहेब, अनुमोदन माझं व्हतं. ते मी परत घेते."

"वहिनी, असं परत घेता येत नाही."

"का नाय? तुम्हाला दिलं कोणी व्हतं? आम्हीच ना?"

मग माझ्या शेजारी हात वर झाला. माझ्या नवऱ्याचा! "माझंही परत," तो म्हणाला. त्याच्यामागे शिट्टीवाले. मला इतका आनंद झाला, की भाषण विसरलेच.

साहेबांचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं कुणी कधी काही बोललंच नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, सगळ्यांना पटतंय." हे ऐकून मला त्यांची फार दया आली. त्यांनी जुडग्यातून गच्चीची किल्ली काढून वहिनींपुढे ठेवली. रंग टिकावा म्हणून वाळवण खाटांवर घालायचं ठरलं, आणि त्या दिवशी कचोरी सगळं बोलून झाल्यावर आली.

पेठच्या त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती या वेळी हसली.

परवा गच्चीवर गेले, तर खाटांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया, जवळ वहिनी, आणि साहेब छत्री उगारून कावळे हाकताहेत.

"वहिनी, यंदा तुम्ही चेअरमनला उभ्या राहताय म्हणे?" साहेबांनी विचारलं.

"राहतेय."

"म्हणजे बिनविरोध नाही?"

"नाय."

साहेब छत्री मिटून खाटेपाशी वाकले.

"बरं, या कुरडया उलटू का?"