बिनडोळ्यांचा कृष्ण परदेशी जाऊन आला

तंजावूरहून निघताना नऊ चित्रं होती. आठ पुरी झालेली आणि एक बिनडोळ्यांचा कृष्ण. तीन पेट्यांत चित्रं आणि बिजागऱ्या लावलेल्या दुमडत्या फळ्या. मलेशियात दोन गावी त्या उघडायच्या, चित्रं टांगायची, मिटून पुढे जायचं. फळ्या पुतण्यानं, रमेशनं, करवून घेतल्या. कागदपत्रंही त्यानंच केली. ते श्रेय मी त्याचं काढून घेत नाही.

मी मूळची मिरजेची. चौथी शिकले आणि लग्न होऊन इथं आले. सासरी तंजावुरी चित्रांचं काम. थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, रेघ काढायच्या आणि खडूच्या पुडीत डिंक कालवून दागिने उठावाचे करायच्या. मी सोन्याचा वर्ख चिकटवायची, रंग भरायची. चाळीस वर्षं असं चाललं. मग वन्संची नजर गेली. हा कृष्ण ही त्यांची शेवटची रेघ.

आमच्या घरी चित्राचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात, आणि पहिली रेघ ज्याची, डोळेही त्याचेच. तोवर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. त्यामुळे कृष्ण दोन वर्षं भिंत बघत होता. रमेशनं ठरवलं, याचे डोळे परदेशात लोकांसमोर काढायचे. वन्सं मला म्हणाल्या, "सरू, माझ्या नावानं तू काढ. आणि चित्राखाली माझं नाव लावलंय का, तेवढं बघून ये. दुसरं काही आणू नकोस."

त्रिचीच्या विमानतळावर माझी पिशवी उघडली. आत पांढरी पूड, पुडीत बांधलेली.

"काय आहे हे?" तपासणीवाल्या बाईनं विचारलं.

"खडू."

"शाळेत शिकवता?"

"मी शिकलेच चौथी. शिकवणार काय?"

तिला विनोद वाटेना. शेवटी चिमूटभर जिभेवर ठेवून दाखवली, तेव्हा सुटका झाली.

क्वालालंपूरला एका मोठ्या दुकानांच्या इमारतीत फळ्या उघडल्या. आत एवढी थंडी की वर्ख लावणारी बोटं वळेनात. रमेशनं मला नऊवारी नेसायला, गजरा माळायला लावलं आणि खाली बसवलं. लोक यायचे, माझ्याशेजारी बसून फोटो काढायचे आणि जायचे. चित्रांकडे पाठ. चार दिवस मी देवळापुढच्या दगडी हत्तीसारखी बसले. चित्रांखाली चिठ्ठ्या होत्या, त्या इंग्रजीत आणि तिथल्या भाषेत. मला दोन्ही येत नाहीत.

"वन्संचं नाव लावलंस ना?" मी विचारलं.

"सगळं नीट आहे, पेरिअम्मा (मोठी आई)," रमेश म्हणाला. फोनमधून मान वर केली नाही.

जेवायला नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात. बाजूला सांडग्या मिरच्या तळलेल्या दिसल्या म्हणून हात घातला, तर वाळवलेले मासे निघाले. ते बाजूला सारून भात खाल्ला. भात चांगला होता.

मग बसनं पिनांगला. आमच्या तंजावूरहून पापनाशमला जाताना दोन्हीकडे जशी भातशेती, तशी इथं तेलाच्या ताडांची रांग. तासन्‌तास तेच. शेवटी समुद्रावरचा लांबलचक पूल आला, तेवढा डोळे भरून बघितला.

पिनांगला चित्रं एका हॉलात लावली. तो हॉल सांभाळणाऱ्या बाई हौशी. गावात तमिळ माणसं पुष्कळ, म्हणून त्यांनी चिठ्ठ्यांवर तमिळ ओळही घातली होती. तमिळ मी बसच्या पाट्या वाचून शिकले, एकेक अक्षर लावून. तशीच ही चिठ्ठी वाचली. चित्रकार: रमेश. दुसरी वाचली. रमेश. नऊच्या नऊ रमेश. त्यानं आयुष्यात साधा वर्ख चिकटवलेला नाही.

"हे काय?"

"अर्जात एकाच नावाची जागा होती, पेरिअम्मा. बाहेरच्या लोकांना एकच नाव लागतं."

"मग ते तुझं कसं?"

"ओरडू नका. खाली बारीक अक्षरांत 'साहाय्य' म्हणून तुमची दोघींची नावं घालू."

"कुणाचं कुणाला साहाय्य?"

"आता प्रदर्शनाच्या पुस्तिका छापून झाल्यात."

"माझंही नाव नको. तुझ्या आत्याचं तेवढं घाल. आज हातानं लिही."

तो उठून गेला.

दुपारी डोळे काढण्याचा कार्यक्रम. माणसं खुर्च्यांवर बसली. रमेशनं इंग्रजीत भाषण केलं आणि कुंचला माझ्या हातात दिला. मी तो त्याला परत दिला.

"पहिली रेघ ज्याची, डोळे त्याचे. चिठ्ठीवर तुझं नाव आहे. काढ."

"पेरिअम्मा, लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच बोलावलंयस."

कुंचला कसा धरायचा हेही त्याला ठाऊक नव्हतं. मी कृष्ण उचलला, भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि खुर्ची ओढून पुढे बसले. हॉलचा रखवालदार सेल्वम तमिळ होता. तो वाकून म्हणाला, "पाट्टी (आजी), बाई विचारतायत, देव रुसला का?"

"देव नाही, मी. त्यांना सांग, ही चित्रं काढणारी बाई तंजावूरला बसली आहे आणि तिचं नाव कमला."

त्यानं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पण भिंतीवरच्या चिठ्ठ्या शेवटपर्यंत तशाच राहिल्या.

घरी पोचले, तर वन्सं दाराशीच बसलेल्या.

"नाव होतं?"

"नव्हतं. रमेशचं होतं."

"आणि डोळे?"

"नाही काढले."

"आण इकडे."

कृष्ण मांडीवर घेऊन त्यांनी बोटांनी मुकुट चाचपला, तिथून बोटं खाली आणली आणि थांबवली. "इथं. काढ."

"डोळे नंतर. आधी नाव."

मी खडू आणि डिंक कालवला आणि कृष्णाच्या पायाशी वन्संचं नाव उठावानं लिहिलं. तमिळमध्ये, कारण त्यांना तीच अक्षरं येतात. वाळल्यावर सोन्याचा वर्ख चढवला. आता चिठ्ठी कुणाचीही लावा.

वन्संनी नावावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"अक्षरं वाकडी आहेत गं."

"बसच्या पाट्यांवरून शिकलेली आहेत. अशीच येणार."

मग मी डोळे काढले. ते सरळ आले.